शालनकाकूंच्या नजरेखाली

शालनकाकू आमच्याकडे चहाला आल्या की बशी हातात धरून नुसत्या बसून राहायच्या. आईने पहिला घोट घेतल्याशिवाय त्या ओठ लावत नसत. आई कधी मुद्दाम काहीतरी काम काढून आत जाई आणि दाराआडून बघे. काकू तशाच बसलेल्या. चहावर साय धरायची, तरी बशी हलायची नाही.

"प्या की शालनताई, निवला."

"तुमी घ्या आधी. मला गरम सोसत न्हाय."

निवलेला चहा गरम कसा सोसत नाही, हे त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. आमची घरं भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत भिंतीला भिंत लागून होती. त्यांचे यजमान, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, कारखान्यात मिलवर होते. माझे वडील स्टोअरमध्ये. मला आठवतंय तेव्हापासून काकू शेजारी होत्या आणि तेव्हापासूनच त्या सगळ्या जगाकडे डोळे बारीक करून बघत होत्या. गवळ्याला त्या म्हैस घेऊनच दारात यायला लावायच्या आणि धार काढताना चरवीच्या शेजारी उकिडव्या बसायच्या. शिंप्याकडे कापड दिलं की त्याच्या काठावर आपल्या हाताने एक टाका घालून ठेवायच्या, कापड बदललं तर कळावं म्हणून. गॅसचं सिलिंडर आलं की ते हलवून बघायच्या. दुकानदाराने गुळाची ढेप पुढे केली की ती नको, मागची द्या म्हणायच्या आणि त्याने मागची काढली की, "मागची एवढ्या चटशिरी दिलीस? मग पुढचीच दे," म्हणायच्या.

एकदा मी त्यांना विचारलं, "काकू, तुम्ही इतकी शंका कशाला घेता?"

त्यांना राग आला नाही. त्या ज्वारी पाखडत होत्या. "माझं बाळपण मेंढरांमागं गेलं, कुंदे," त्या म्हणाल्या. "कऱ्हाटीकडचं आमचं बिऱ्हाड. पावसाळा सरला की मेंढरं घेऊन लांब लांब जायाचो. परक्या रानात मेंढरू तोंड घालायच्या आधी आपण बघायाचं, कशाचा पाला हाय. कोवळी ज्वारी दिसाया किती झ्याक दिसती! अन् ती खाल्ली की मेंढरू जाग्यावर तडफडून मरतं. माझ्या बापाची निम्मी मेंढरं अशी गेली. मी तितंच हुते. मी म्हणलं हुतं, खाऊंद्या, हिरवंगार हाय." एवढं बोलून त्यांनी सूप आपटलं आणि फोल वाऱ्यावर सोडलं. त्या विषयावर त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

त्यांना एकच मुलगा, दत्ता. आयटीआय करून तो मस्कतला फिटर म्हणून गेला होता. त्याचा फोन कारखान्याच्या टाइम ऑफिसात यायचा आणि मग शिपाई सायकलवरून काकूंना बोलवायला यायचा. एकदा त्या मला सोबत घेऊन गेल्या. रिसिव्हर कानाला लावल्या लावल्या त्यांनी विचारलं, "तू दत्ता हायस कशावरनं? तुझ्या पाठीवरचा डाग कोणत्या अंगाला हाय सांग."

पलीकडून काहीतरी चिडका आवाज आला. काकूंचा चेहरा सैल झाला. रिसिव्हरवर हात ठेवून त्या मला म्हणाल्या, "म्हणतोय, आई, माझी पाठ मला दिसती व्हय? त्योच हाय."

त्याच फोनवर दत्ताने सांगितलं की त्याने लग्न केलं आहे. मुलगी मस्कतच्या दवाखान्यात नर्स होती. केरळची, ख्रिश्चन. लग्न तिच्या गावाला जाऊन लागलंही होतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि रिसिव्हर जागेवर ठेवला. परत येताना उसाच्या गाड्यांची रांग लागली होती, म्हणून आम्ही रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभ्या होतो. मला वाटलं त्या रडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यानं मला न विचारता केलं. म्हणजे त्यालाबी म्हाईत हुतं, मी काय काय विचारीन."

कारखान्याचा हंगाम संपत आला तेव्हा दत्ता तिला घेऊन आला. लिसी तिचं नाव. सावळी, ठसठशीत, केसांना खोबरेल तेलाचा वास. दत्ताची रजा थोडी होती. तो परत गेला आणि लिसी मागे राहिली, कारण तिचं तिथलं काम संपलं होतं आणि नव्या नोकरीचे कागद यायचे होते. तात्या कामावर गेले की घरात त्या दोघीच. एकीला मराठीखेरीज काही येत नव्हतं, दुसरीला मराठी सोडून बाकीचं थोडं थोडं येत होतं. मी बारामतीला कॉलेजात जात होते, मोडकं हिंदी आणि पुस्तकी इंग्रजी बोलत होते, म्हणून मला दोघींच्या मध्ये उभं राहावं लागायचं.

पहिल्याच दिवशी लिसीने माठातलं पाणी पेल्यात घेतलं, उजेडाला धरून बघितलं आणि मला विचारलं, "ये पानी उबाला है क्या?"

मी भाषांतर केलं. काकूंनी डोळे मोठे केले. "आमच्या पाण्यावर शंका?" त्या तडक मोरीकडे गेल्या, उगाच दोन भांडी आदळली, आणि परत येऊन माझ्या कानात म्हणाल्या, "शंका घेती म्हणजे पोरगी बावळट न्हाय." दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या चुलीवर पिण्याच्या पाण्याचं पातेलं चढलं. पण तिच्या हातचा घास त्यांनी तोंडात घातला नाही. लिसी वरण करायला घ्यायची तेव्हा काकू मागे उभ्या राहायच्या. तिने मीठ टाकलं की डबा उघडून मीठच आहे ना ते बघायच्या. स्वतःची भाकरी वेगळी थापायच्या.

लिसीने मस्कतहून एक पिशवी आणली होती. तिकडे सणाला ती दवाखान्यातल्या मैत्रिणींबरोबर एक वडी करायची, ती सासूला करून घालायची तिची इच्छा होती. तिने ओट्यावर एक एक वस्तू मांडली. पीनट बटरची बरणी, तांदळाच्या कुरकुरीत दाण्यांचा खोका आणि एका पारदर्शक पुड्यात पांढरे, गुबगुबीत, कापसासारखे तुकडे. मार्शमेलो. आम्ही कुणीच ते आधी पाहिलेलं नव्हतं. लिसी हौसेने सांगत होती की याला भट्टी लागत नाही, ओव्हन लागत नाही. हे पांढरं पातळ करायचं, त्यात शेंगदाण्याचं लोणी, मग हे दाणे, की ताटात थापून वड्या पाडायच्या.

बरणीवर काकूंचा फारसा आक्षेप नव्हता. वास घेऊन त्या म्हणाल्या, "शेंगदाणंच हायत, पण कवाचे कुणास ठावं." मग त्यांनी पांढरा तुकडा चिमटीत धरून दाबला. तो चपटा झाला आणि त्यांनी बोट काढल्यावर हळूहळू फुगून पहिल्यासारखा झाला. काकू मागे सरकल्या.

"दाबलं की परत येतंय! ह्यात जीव हाय."

"काकू, मिठाई आहे ती."

"मिठाई अशी उलटून बघत न्हाय. हे कशाचं हाय, इचार तिला."

लिसीला सांगता येईना. साखरेचं, ती म्हणाली. साखर तर आमच्या दारात पोत्यांनी होती आणि ती अशी वागत नव्हती. काकूंनी मला पुड्यावरचं वाचायला लावलं. साखर, ग्लुकोज, आणि मग एक शब्द, जिलेटिन. तो मला माहीत नव्हता. संध्याकाळी तात्यांनी कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या देशमानेसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, ते जनावरांची हाडं आणि कातडं उकळून काढतात. कोणत्या जनावराची, ते पुडा बनवणाऱ्यालाच ठाऊक.

तात्यांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. काकू मटण खाणाऱ्या होत्या, पण सगळ्याच जनावरांचं त्यांच्या घरात चालत नव्हतं. त्या लिसीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. तिच्या डोळ्यांत बघत त्यांनी विचारलं, "तुला हे म्हाईत हुतं?"

मी हिंदीत सांगितलं. लिसीचा चेहरा पडला. तिने दोन्ही हातांनी आपले कान धरले. "नहीं अम्मा. कसम से. मैंने कभी पूछा ही नहीं."

काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. दुधाची धार बघताना बघायच्या तशा. मग त्यांनी पुडा उचलला, परसात कडुलिंबाच्या बुडाशी खड्डा करून पुरला, हात धुतले आणि आत येऊन म्हणाल्या, "तिला म्हाईत नव्हतं."

एवढ्यावर ते मिटायला हवं होतं. पण देशमानेसाहेबांनी घरी जाऊन आपल्या बायकोला, सुलभावहिनींना, सांगितलं, आणि सुलभावहिनींना सांगितलेली गोष्ट कॉलनीच्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचायला वेळ लागत नसे. दत्ताच्या बायकोने सासूला हाडांची मिठाई खायला घातली, असं होत होत ती मुद्दामच आणली होती, इथपर्यंत गोष्ट गेली. लिसी नळावर आली की बायका बोलणं थांबवायच्या. आमच्या घरी येऊन एके दुपारी ती रडली.

"अम्मा मेरे हाथ का पानी भी नहीं पीती."

माझी आई हसली. "अगं, ती माझ्या हातचा चहासुद्धा मी प्यायल्याशिवाय पीत नाही. इतकी वर्षं झाली."

मी ते तिला सांगितलं. लिसीने डोळे पुसले. "सब पर शक करती है? सिर्फ मुझ पर नहीं?"

"सब पर."

"तो ठीक है," ती म्हणाली आणि खरंच हसली.

त्यानंतर ती हट्टाला पेटली. वडी करायचीच, पण इथल्या जिनसांची. बारामतीहून येताना मला तिने चायना ग्रास आणायला सांगितलं. फालुद्यात घालतात त्या पांढऱ्या काड्या. घरी आणल्यावर काकूंनी ती पेंढी हातात घेतली.

"हे कशाचं?"

"समुद्रातलं गवत आहे, काकू. वाळवलेलं."

"समुद्रात गवत? मग तितं चरायला कोण जातं?" त्यांनी एक काडी मोडली आणि परसात बांधलेल्या शेळीपुढे धरली. "शेळीला फसवता येत न्हाय. खोटं असंल तर तोंड लावायची न्हाय." शेळीने हुंगलं, मान वळवली, पुन्हा हुंगलं आणि कुरकुर करत काडी खाल्ली. वर दुसरीसाठी काकूंच्या पदराला तोंड लावलं. काकू थोड्या नाराज झाल्यासारख्या वाटल्या. "बरं. गवत हाय," त्यांनी कबूल केलं.

त्या दिवशी काकू पाटावर बसल्या आणि उठल्याच नाहीत. शेंगदाणे त्यांनी स्वतः निवडले. लिसीने ते मंद भाजले, सालं काढली आणि मिक्सरमध्ये घातले. आधी कूट झाला, मग गोळा झाला, मग तेल सुटून त्याचं मऊ, चकचकीत लोणी झालं. काकूंनी झाकण काढून आत वाकून बघितलं, तेल बाहेरून ओतलं नाही ना म्हणून. चायना ग्रास भिजवून, उकळून विरघळवली, साखरेच्या चिकट पाकात गाळली. मग लिसीने काकूंची ताकाची रवी मागितली. काकूंनी ती आधी उकळत्या पाण्यातून काढली आणि मग दिली. लिसी घुसळत राहिली. पारदर्शक पाक हळूहळू धुरकट झाला, मग पांढरा, मग रवीला धरून फुगू लागला. लिसीचे हात भरून आले. तिने रवी क्षणभर थांबवली तर काकू म्हणाल्या, "थांबू नको, बसंल ते," आणि रवीच्या दोरीचं दुसरं टोक तिच्याकडून घेतलं. काकूंनी लिसीच्या हातातून काही घेतलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. फेस आला, त्यात शेंगदाण्याचं लोणी, मग भाजलेले चुरमुरे. तूप लावलेल्या ताटात थापून वाटीच्या बुडाने दाबलं. निवल्यावर सुरीने वड्या पाडल्या.

काकूंनी कोपऱ्यातली एक वडी उचलली, दाबली आणि बोट काढलं. ती परत फुगली नाही. तेव्हा कुठे त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चावला. "दाताला चिकाटतंय," त्या म्हणाल्या आणि दुसरा तुकडा घेतला.

पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे माझ्या वहिनीचं डोहाळजेवण होतं. कॉलनीतल्या बायका आल्या होत्या. वहिनीला फुलांचे दागिने घालून पाटावर बसवलं होतं. लिसी काकूंबरोबर आली. तिच्या हातात वड्यांचं ताट होतं, वर क्रोशाचा रुमाल. तिने रुमाल काढून ताट वहिनीपुढे धरलं. वहिनीने हात पुढे केला.

"थांब!" सुलभावहिनी मोठ्याने म्हणाल्या. "पोटुशी बाईनं असलं काही खाऊ नये. हाडांचं असतं ते. आमच्या ह्यांनीच सांगितलंय."

गाणं म्हणणाऱ्या बायका मध्येच थांबल्या. वहिनीचा हात तसाच अधांतरी राहिला. लिसीला शब्द कळले नसतील, पण सगळं कळलं होतं. माझी आई घरची यजमानीण, आणि पोटात वाढणारं पहिलं नातवंड. तिलाही धीर झाला नाही. ती काकूंकडे बघू लागली. मग सगळ्याच बघू लागल्या.

काकू खाली बसलेल्या होत्या, त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या. "पहिल्या पुड्यात हुतं हाडांचं. खोटं कशाला बोलू? माझ्या हातानं मी त्यो पुरलाय लिंबाखाली. ज्याला बघायचाय त्यानं उकरून बघावा."

बायकांत कुजबुज सुरू झाली. काकूंनी आवाज चढवला नाही.

"पण ह्या ताटात काय हाय ते मला म्हाईत हाय. शेंगदाणं मी निवडल्यात. चुरमुरं माझ्या डब्यातलं. साखर आपल्या कारखान्याची. अन् ते गवत शेळीनं खाल्लंय, ती अजून दारात उभी हाय. ही पोरगी चुलीपुढं बसली तवापासनं वड्या पाडस्तवर माझी नजर तिच्या हातावरनं हलली न्हाय. तुमी मला वळखता. मी कुणाची बाजू घेणारी हाय का? मी माझ्या ल्योकाला फोनवर वळख विचारते. मी कुणाला उगं बरं म्हणीन व्हय?"

मागून एक म्हातारी फिसकन हसली. "खरं हाय बाई. शालन तर देवाच्या तीर्थाचाबी वास घेती." सगळ्या हसल्या. त्या हसण्यात वहिनीने वडी उचलली आणि खाल्ली. मग आईने घेतली, मग बाकीच्यांनी. आयुष्यभर ज्या स्वभावाची कॉलनीने थट्टा केली, त्याच स्वभावाचा त्या दिवशी सगळ्यांना भरवसा वाटला. दुसऱ्या कुणी शपथ घेतली असती तरी चाललं नसतं.

सुलभावहिनींनी मात्र वडी घेतली नाही. काकू ताट घेऊन त्यांच्यापुढे गेल्या, रागावून नव्हे. "तुला शंका हाय ना? असूंदे. घरी ये, मिक्सर बघ, रवी बघ, डबं उघडून बघ. पण इतकं दिस माझ्या माघारी बोलत हुतीस, मला एकदाबी विचारलं न्हाईस." सुलभावहिनी कधी आल्या नाहीत. दोघींचं बोलणं पुढे कामापुरतंच राहिलं.

घरी परतताना मी काकूंना विचारलं, "आता बसला ना लिसीवर विश्वास?"

"बसला न्हाय," त्या म्हणाल्या. "बसवला. इस्वास काय आपला आपण येऊन बसतोय व्हय? अंगाला घाम आला माझ्या."

लिसीचे मस्कतचे कागद आले, पण ती गेली नाही. बारामतीच्या एका दवाखान्यात तिला नोकरी मिळाली, पुढे दत्ताही परत आला, आणि जळोचीत त्यांनी दोन खोल्या बांधल्या. काकूंनी बांधकामाच्या वाळूतसुद्धा हात घालून बघितलं होतं म्हणे. लिसीला मुलगी झाली.

ती मुलगी वर्षाची होत आली तेव्हा माझं लग्न इंदापूरला झालं. पाठवणीच्या वेळी सगळ्या जणी रडत मला सांगत होत्या, सासरच्यांना आपलं मान, उलट बोलू नको. काकूंनी मला मांडवाच्या खांबाआड ओढलं. त्या रडत नव्हत्या.

"कुंदे, समद्यांवर शंका घे," त्या हळूच म्हणाल्या. "मी न्हाय म्हणत न्हाय. पण तोंडावर घे. ज्याच्यावर घ्यायची त्यालाच विचार. त्याच्या माघारी दुसऱ्याला विचारलंस की मग ती शंका ऱ्हात न्हाय, चहाडी हुती."

मग लिसीच्या कडेवरची नात त्यांनी घेतली आणि जेवणाच्या पंक्तीकडे गेल्या. ती आमची शेवटची नीट भेट. पुढच्या हंगामात काकू आजारी पडल्या आणि लिसीच्याच दवाखान्यात वारल्या. आई सांगत होती, शेवटच्या दिवसांतही त्या सलाइनच्या बाटलीकडे बोट करून आत काय आहे ते विचारायच्या, आणि लिसी दर वेळी बाटलीवरचं पहिल्यापासून वाचून, मराठीत समजावून सांगायची. तोपर्यंत तिची मराठी काकूंसारखीच झाली होती.

त्यांचं मांडवातलं बोलणं मात्र मला फार लवकर उपयोगी पडलं होतं. सासरी पहिल्याच आठवड्यात, जेवणं झाल्यावर सासूबाईंनी माझ्यासाठी दुधाचा पेला आणला. मी बघत होते. त्यांनी फडताळातल्या एका बरणीतून तपकिरी पूड काढली, माझ्याच पेल्यात घातली आणि ढवळली. दुसऱ्या कुणाच्या नाही. मोरी जवळच होती. कुणाचं लक्ष नसताना ओतून देता आलं असतं. धाकट्या नणंदेला हळूच विचारता आलं असतं. मी पेला दोन्ही हातांत धरला आणि सासूबाईंना विचारलं, "आई, यात तुम्ही काय घातलंत?"

दीर ताटावरून उठता उठता थांबले. सासूबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला. मला वाटलं, आता संपलं. मग त्या फडताळाकडे गेल्या, बरणी घेऊन आल्या, झाकण काढून ती माझ्या नाकाखाली धरली.

"खारीक, जायफळ आणि डिंक," त्या म्हणाल्या. "वाळलेली दिसतेस म्हणून घातलं. माझ्या सासूनं मला हेच दिलं होतं. मला विचारायचं धाडस झालं नाही, मी रोज मोरीत ओतायचे." त्या माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. "विचारलंस ते बरं केलंस. पी आता, निवेल."